थंडा पिलेला माणूस

लगीनसराई आली की माझं डोकं फिरतं. उन्हाने नाही. उन्हाची मला सवय आहे, मिठागराच्या कडेला वाढलेली पोर मी. डोकं फिरतं ते मांडवामागे एकावर एक रचलेले लाल-निळे क्रेट बघून. बर्फाचं पिंप, त्यात बुडवलेल्या बाटल्या, कोपरापर्यंत हात ओले करून त्या उपसणारं कुणीतरी. लोक हसत असतात, ढेकर देत असतात, आणि मी भरजरी साडीत उभी राहून दात आवळत असते. नवऱ्याला हे ठाऊक आहे. तो मला मांडवाच्या त्या बाजूला जाऊच देत नाही.

मध्यंतरी कोलाडला सासरच्या नात्यातलं लग्न होतं. पंगत उठली, पोरं घामाने निथळत होती, म्हणून मी सहज विचारलं, "मुलांना थंडा दिला का कुणी?" माझी भाचेसून पुण्याची. ती फस्सकन हसली. "मामी, थंडा काय म्हणता! ट्रकवाल्यांसारखं वाटतं. कोल्ड्रिंक म्हणा ना." आजूबाजूच्या चार बायका हसल्या. मीसुद्धा हसले, कारण लग्नघरात तोंड वाकडं करू नये असं मला शिकवलंय. पण रोह्याला घरी पोचेपर्यंत मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. तो बिचारा गाडी चालवत होता, त्याचा काय दोष! पण डोक्यात तिडीक गेली ती गेली.

कुणी काय म्हणावं याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या रोह्याच्या घरी सासूबाई घरात झालेल्या कोकम-करवंदाच्या पाण्याला सरबत म्हणतात आणि दुकानातून आलेल्या सगळ्याला 'बाटलीतलं'. "बाटलीतलं काय द्यायचं पाहुण्याला, घरात सरबत नाही का?" हे त्या इतक्या तुच्छतेने म्हणतात, की बाटलीतलं म्हणजे काही वाईट चालीचं असावं. पेणला रामवाडीच्या स्टँडवर उतरलं की माणूस सोडा मागतो, मग हातात लिंबाचं येवो नाहीतर नारिंगी येवो. कोलाडच्या त्या कार्यालयात केटररने पाटी लावली होती, 'शीतपेय'. जळली मेली ती पाटी, ते वाचूनच तहान मरते. आणि माझ्या शाळेतली मुलं तर नाव घ्यायच्या भानगडीतच पडत नाहीत. त्यांचं काळं, पिवळं आणि पांढरं. "बाई, काल हळदीत मी तीन काळी पिलो." प्या बाबांनो.

पण थंडा या शब्दाला हसू नका. निदान माझ्यासमोर नको. पेणच्या खाडीकडे माझं माहेर आहे, आणि त्या गावात थंडा पिणं म्हणजे तहान भागवणं नव्हे. थंडा पिऊनच माझ्या बापाचं शेत गेलं. आणि तो प्यायला लावला मी.

आमच्या गावात भांडणं पुष्कळ. बांधावरून, कुंपणावरून, कोंबडीवरून. भांडण वाढलं की गावकी बसायची, देवळाच्या मांडवात, पंच समोर. निवाडा झाला की पूर्वी दारू यायची. ज्याचं चुकलं त्याने पाजायची. आणि मग काय, जुनं भांडण मिटायचं आणि त्याच बैठकीत नवं उभं राहायचं. माझी आई सांगायची, एका वर्षी बायकांनी मिळून ठरवलं की हे बस झालं. त्या पाच-सात जणी पदर खोचून मांडवात शिरल्या आणि त्यांनी पंचांना सांगितलं, पाजायचंच असेल तर थंडा पाजा. तेव्हा गावात एकच दुकान, आणि थंडा यायचा तो फक्त हळदी-लग्नाला. म्हणजे वस्तू मानाची. पुरुष कुरकुरले, पण ऐकलं. माझी आई त्या बायकांत होती. हे सांगताना ती आपोआप ताठ बसायची.

तेव्हापासून रीत पडली. ज्याचं चुकलं त्याने पेटी आणायची. ज्याचं नुकसान झालं त्याने पहिली बाटली प्यायची, सगळ्यांसमोर, उभ्याने. मग चुकलेल्याने, मग गावाने. आणि रिकामी बाटली पेटीत उलटी ठेवायची. उलटी ठेवली की संपलं. मग त्या भांडणाचा ब्र काढायचा नाही, ना गावकीत, ना कचेरीत, ना बायकोशी उशीवर. चहाचं असं नाही. पाणी तर दुष्मनालाही देतात. पण थंडा पिला म्हणजे मिटलं. मी लहानपणी असे किती निवाडे पाहिले! मारामारीपर्यंत गेलेले चुलतभाऊ खालमानेने बाटल्या उलट्या ठेवताना पाहिले. थंडा पिऊन शब्द फिरवलेला माणूस एकही पाहिला नाही.

मग मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न करून रोह्याला आले. रोह्याच्या घरात दिवसाला दोन-चार पाहुणे. कुणी विम्याचा, कुणी पोराच्या ॲडमिशनचा, कुणी नुसताच बसायला आलेला. सासूबाईंचं सरबत संपलं की मी फ्रीज उघडायची आणि ग्लास भरायची. "घ्या हो, कोल्ड्रिंकच तर आहे." हे वाक्य मी पंधरा वर्षांत किती वेळा म्हटलं असेल! पाहुणे प्यायचे, निघून जायचे, आणि जिन्यात आमचीच निंदा करायचे. कोल्ड्रिंक पिऊन कुणी कुणाला बांधलेलं नसतं. माणूस जिथे राहतो तिथला होतो म्हणतात. मी झाले, आणि तेच नडलं.

दहा-बारा वर्षं झाली त्या गोष्टीला. असाच मे महिना, अशीच लगीनसराई. शाळेला सुट्टी म्हणून मी माहेरी गेले होते. खाडीत धक्क्यावर माल आणणारे बार्ज यायला लागून तीन वर्षं झाली होती. बार्ज गेला की लाट उठते आणि बांधावर आपटते. दिवसातून एकदा नाही, दहादा. आमच्याकडची भातशेती खाडीच्या पातळीच्या खाली आहे, मधे फक्त मातीचा बांध. त्या महिन्याच्या उधाणाला बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाडच पडलं, आणि तेही नेमकं बाबांच्या शेतासमोर. सकाळी आम्ही पाहिलं तर शेतात खारं पाणी, आणि पाण्यात बोयटं मासे उड्या मारतायत.

गाव पेटलं. बायकापोरांसकट सगळे धक्क्यावर जाऊन बसले. दोन दिवस एक गोणी हलू दिली नाही. मी बसले होते त्यात, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. आणि तिसऱ्या दिवशी धक्क्याच्या ठेकेदाराचा सुपरवायझर गावात आला. पँट-शर्ट, पायात बूट, हसरा चेहरा. बरोबर टेम्पो, आणि टेम्पोत थंड्याच्या चार पेट्या.

तो खाडीपलीकडच्या गावचा होता. हे मला नंतर कळलं. म्हणजे आमची रीत त्याच्याही गावात होती, त्याच्याही आईने कुठल्यातरी मांडवात पदर खोचला असणार. बाहेरचा असता तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय माहीत, उन्हाळा आहे म्हणून आणलं असेल. पण नाही. त्याला नीट माहीत होतं. चार पेट्यांत त्याने आमचा दोन दिवसांचा संताप बुडवला. तो माणूस आजही समोर आला तर माझा हात शिवशिवतो.

मांडवात त्याने सांगितलं, "पावसाआधी बांध घालून देतो. शब्द हाय माझा." मग त्याने पहिली बाटली उघडली आणि बाबांसमोर धरली. नुकसान बाबांचं, म्हणून मान बाबांचा. बाबा उभे राहिले, पण हात पुढे करेनात. नामाकाका म्हणजे गावकीचे सगळ्यात जुने पंच. ते खाली मान घालून बसले होते. पत्रा तापलेला, घामाच्या धारा, आणि तो बूटवाला हात लांब करून हसतोय. मला लाज वाटली. हो, लाज! शिकलेल्या बाईला साहेबासमोर आपल्या बापाच्या अडाणीपणाची लाज वाटली. मी बायकांतून पुढे झाले आणि म्हणाले, "घ्या ना बाबा. एवढं काय त्यात? कोल्ड्रिंकच तर आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग बाटली घेतली आणि प्यायले, सगळी, एका दमात. ती पेटीत उलटी ठेवली. मग सुपरवायझर प्यायला, मग नामाकाका, मग गाव. संध्याकाळी धक्क्यावर काम सुरू झालं.

पावसाआधी बांध झाला नाही. पावसानंतरही झाला नाही. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. मी दिवाळीत माहेरी गेले आणि कागद-पेन घेऊनच बसले. म्हटलं, "बाबा, अर्ज लिहून देते, अंगठा नाही, सही करा तुमची, मी स्वतः पेणच्या कचेरीत नेऊन देते." बाबा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "थंडा पिलो गो मी. आता कंच्या तोंडाने बोलू?"

मी ओरडले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. त्याने शब्द मोडला, मग तुमचा कसला राहिला? कायद्यात थंडा कुठे लिहिलाय? हे अडाणी लोक, यांना कोण सुधारणार! बाबा कातरतच राहिले. मग मी नामाकाकांकडे गेले, त्यांच्या ओट्यावर पाय आपटत. ते म्हणाले, "बाय, त्याना मोडला तर तो पाप त्याचा. आपण उलटी ठेवलेली बाटली सुलटी करायची नाय." म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हातही आपलाच.

दोन पावसात शेतात गवतसुद्धा उगवेना. चौथ्या वर्षी खारफुटीची तिवरं आली, कमरेएवढी. एकदा मी गेले तेव्हा बाबा घरात नव्हते. आई म्हणाली, शेतावर गेलेत. मला वाटलं, काही पेरताहेत की काय! जाऊन बघते तर बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते आणि पाग टाकत होते. जिथे त्यांनी जन्मभर लावणी केली त्या जागेवर जाळं फेकून मासे धरत होते. मला बघून म्हणाले, "आज कालवणाची सोय झाली." मी बांधावर बसून हुंदके देऊन रडले. त्या दिवसापासून क्रेट बघितला की डोकं फिरतं.

राग कुणाकुणाचा करू? सुपरवायझरचा केला, पोटभर. बाबांचाही केला, अनेक वर्षं. गावाचा, पंचांचा, रीतीचा. आणि आईचा पण केला, देवा, ज्या बायकांनी दारू बंद केली त्यांचा! दारूच बरी होती, दुसऱ्या दिवशी माणूस विसरला तरी असता, असंही एकदा तिला बोलले. ती उठून आत गेली. पुढच्याच वर्षी ती वारली. ते वाक्य परत घ्यायचं राहूनच गेलं. पण सगळ्या रागाच्या तळाशी मीच बसले होते, ग्लास हातात घेऊन. बाबांना थंड्याचा अर्थ माहीत होता म्हणून ते थांबले होते. मला विसर पडला होता म्हणून मी ढकललं.

आणि या वर्षी पुन्हा. कोलाडच्या त्या लग्नानंतर चौथ्या दिवशी नामाकाकांच्या नातीचा फोन आला. उधाणाला दुसरी खांड पडली होती. या वेळी घरामागचं खाचर, बाबांचं राहिलेलं शेवटचं. घरापुरता तांदूळ त्यात होतो. बाबा आता ऐंशीच्या पुढे, त्या तांदळाशिवाय दुसरा भात त्यांना जात नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. निडी गेलं, नागोठणं गेलं, आणि मी खिडकीशी बसून भाषण पाठ करत होते. या वेळी पिऊ देणार नाही. बाटली हातातून हिसकावून घेईन, त्या बूटवाल्याच्या अंगावर ओतीन. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का वाटत?" मी दातओठ खात होते ते तिला दिसलं असणार.

मांडवात पोचले तर सगळं तेच. तोच सुपरवायझर, केस पिकलेले, बूट नवे. बरोबर एक कोवळा इंजिनिअर, बाहेरगावचा, सारखा मोबाइलमध्ये बघणारा. पेट्या तशाच, बाटल्या तेवढ्या आता प्लॅस्टिकच्या. आणि शब्दही तेच. "पावसाआधी बांध घालून देतो." त्याने बाटलीचं झाकण उघडलं आणि बाबांसमोर धरली. मी बायकांतून पुढे सरकले. तोंड उघडणार, इतक्यात बाबांनी हात पुढे केला आणि बाटली घेतली.

बाबा सावकाश प्यायले, आता एका दमात जमत नाही. मधे दोनदा थांबले. बाटली संपली. बाबा वाकले, पण पेटीकडे नाही. त्यांनी ती रिकामी बाटली सुपरवायझरच्या पुढ्यात, जमिनीवर, सुलटी उभी केली.

"कोल्ड्रिंक झ्याक होतं," बाबा म्हणाले.

सुपरवायझर हसायचा थांबला. "आबा, थंडा हाय यो."

"नाय. यो कोल्ड्रिंक हाय. पाहुणे आयले, आम्ही पिलो. थंडा बांध झाल्यावर पिऊ. तवर कचेरीत अर्ज जाईल."

मग नामाकाका काठी टेकत उठले, पेटीतून बाटली काढली आणि म्हणाले, "मनापण कोल्ड्रिंक दे रे." मागून बायकांचा आवाज आला, "आमाला पण कोल्ड्रिंक!" आणि अख्खं गाव उठलं. प्रत्येक जण कोल्ड्रिंकचं नाव घेऊन मागत होता आणि पिऊन बाटली सुलटी उभी करत होता. सुपरवायझरच्या बुटांभोवती बाटल्यांचं रान झालं. इंजिनिअरने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि खुशीत विचारलं, "सगळे प्यायले ना? मग झालं की!"

"नाय साहेब," सुपरवायझर म्हणाला, "नाय झालं." त्याच्या कपाळावर घाम आला होता. बरं वाटलं मला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अर्ज मी तिथेच मांडवात बसून लिहिला. बत्तीस सह्या झाल्या, पहिली बाबांची. परत घरी येताना बाबांना हाताला धरून आणत होते. म्हटलं, "बाबा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"तुझाच शब्द गो," ते म्हणाले. "तवा तू बोलली. मी किती वर्स इचार करतोय, बाय अशी का बोलली. तुमच्यात कोल्ड्रिंक पिऊन मानूस मोकला राहतो, हे मना लय उशिरा समजलं."

म्हणजे मी जितकी वर्षं राग करत होते, तितकी वर्षं बाबा माझं ते एक वाक्य घोळवत होते. मी त्यांना घरी बसवलं आणि दुकानात गेले. काचेची बाटली मागितली, दुकानदाराने कुठूनतरी शोधून एक दिली. घरी आले, झाकण उघडलं नाही, तशीच बाबांसमोर धरली.

"यो काय?" बाबांनी विचारलं.

"थंडा," मी म्हटलं. "नुकसान तुमचं झालं. चूक माझी होती."

बाबांनी बाटली हातात घेतली. मला खात्री होती, ते पितील. बाप आहे, आणि मी एकुलती एक. मग ते उठले, भिंतीला धरत देवळीच्या कोनाड्यापाशी गेले आणि आईच्या फोटोशेजारी ती बाटली उभी ठेवली. न उघडता.

"आधी बांध," ते म्हणाले. "तुझा थंडा पण तवाच."

बरोबर केलं त्यांनी. पिले असते तर मी रोह्याला जाऊन पुन्हा कोल्ड्रिंकचे ग्लास भरत बसले असते. शाळेला सुट्टी आहे, मी अजून माहेरीच आहे. रोज सकाळी देवळीतल्या बाटलीवरची धूळ पुसते आणि पेणच्या कचेरीत जाऊन बसते. तिथला कारकून आता मला ओळखतो. काल त्याने माझा चेहरा बघून शिपायाला हाक मारली, "अरे, बाईंना काहीतरी थंड आण."

मी म्हटलं, "नको. आमच्याकडे बांध झाल्यावर पितात."